ईशानीचे नवे बूट

"बूट पुन्हा बदललेत," मुजावर सर म्हणाले आणि त्यांनी दुर्बीण माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली, पण डोळ्यांना लावली नाही. खाली बर्फावर ईशानी तोरसेकर स्केटिंगच्या सरावाच्या फेऱ्या मारत होती. तिला बघायला म्हणून मी कुडाळहून निघून, गाड्या बदलत, उत्तरेतल्या त्या डोंगराळ गावी आले होते, आणि आता समोरच्या भिंतीवरची हिंदी पाटी वाचत बसले होते. हातमोजे घालूनही माझी बोटं गार पडली होती. थंडीमुळे असेल, असं मी स्वतःला सांगत होते.

"या वेळी रंगसुद्धा वेगळा आहे. बदामी," सर म्हणाले. "वर्षभरात ही तिसरी जोडी. आणि वरचे दोन हूक तिने मोकळेच सोडलेत, म्हणजे चामडं अजून कडक आहे. घोट्याला रुतत असणार. असल्या बुटांवर उडी मारायला लावायची म्हणजे काय, ताई?"

दिलावर मुजावर मिरजेच्या कॉलेजात भूगोल शिकवायचे. आयुष्यात त्यांनी पायात स्केट्स घातले नव्हते, आणि मीही नाही. माझं औषधांचं दुकान आहे. पण ईशानी आमच्या वेंगुर्ल्याकडची; वाढली वसईला, आधी चाकांवर शिकली, मग बर्फावर गेली. तिचे व्हिडिओ बघता बघता आमच्यासारख्या काही जणांचा एक ग्रुप जमला होता. कुणी तिच्या संगीतावर लिहायचं, कुणी पोशाखावर. मुजावर सर लिहायचे बुटांवर. बुटाचा तळ, त्याला स्क्रूने बसवलेलं पोलादी पातं, पात्याच्या पुढचे दात, असं सगळं ते फोटो मोठा करकरून बघत आणि सविस्तर समजावून सांगत. आम्ही ते वाचून बुटांविषयी तावातावाने भांडायचो. घरचे हसायचे.

आदल्या वर्षापर्यंत मलाही त्यात नुसती गंमत वाटत होती.

आदल्या वर्षी याच बर्फाच्या रिंकमध्ये, याच स्पर्धेच्या सरावात, ईशानी पडली होती. मी अगदी पुढच्या रांगेत होते. अ‍ॅक्सल नावाची एक उडी असते. बाकीच्या उड्या पाठमोऱ्या घेतात, ही एकटी समोर तोंड करून घ्यावी लागते. ईशानी त्यात हवेत दोन गिरक्या घ्यायची आणि वर अर्धी. त्या दिवशी पात्याचे दात बर्फात अडकले. तिला पाय उचलताच आला नाही आणि ती गर्रकन फिरून उताणी आपटली. डोकं आपटल्याचा आवाज मला आला. सोललेला नारळ फरशीवर पडावा, तसा. मग ती हललीच नाही. तिच्या कोच परेरा मॅडम साध्या चपला घालून बर्फावर धावल्या, दोनदा घसरल्या, शेवटी गुडघ्यांवर रांगत तिच्यापर्यंत पोचल्या.

ती वाचली, बरी झाली, डॉक्टरांनी खेळायला परवानगीही दिली. पण त्यानंतर तिने ती उडी एकदाही घेतली नव्हती. एका स्पर्धेत नाव असून उतरली नाही. नवे बूट पायाला बसले नाहीत, असं मॅडमनी जाहीर केलं. पुढच्या वेळी पातं बदललं होतं. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा बूट. ग्रुपवर लोक आधी समजून घेत होते, मग चिडायला लागले. पोरगी तयार आहे, ही बाईच तिच्या पायांवर प्रयोग करतेय, कोच बदला, असं रोज कुणी ना कुणी लिहायचं.

"मी आज स्केटिंग संघटनेच्या लोकांशी बोलणार आहे," मुजावर सर म्हणाले. "रीतसर तक्रार करणार. माझ्याकडे सगळे फोटो आहेत. या पोरीला काही झालं ना, तर आपण नुसते बघत बसलो असं व्हायला नको."

ते भले गृहस्थ होते आणि मनापासून बोलत होते. मला त्यांचं पटतही होतं. खाली ईशानी समोर तोंड करून वेगात आली, आता उडी घेणार असं वाटलं, आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती नुसती सरळ निघून गेली होती.

"नाही घेतली," सर म्हणाले. "बुटांवर भरवसाच नाही तिचा."

सराव संपला. स्पर्धेला थोडाच वेळ उरला होता. मी उठले. प्रेक्षकांच्या बाजूचं स्वच्छतागृह बंद होतं. पाणी गोठलंय, असं तिथल्या एका मुलीने सांगितलं आणि खेळाडूंच्या बाजूचं दाखवलं. लांबलचक बोळ होता. खाली रबराची चटई अंथरली होती. मी दार ढकललं आणि आत कुणीतरी ओकत असल्याचा आवाज आला.

बेसिनला धरून ईशानी उभी होती. निळा पोशाख, वर कोट, केसांची घट्ट वेणी, आणि पायात ते बदामी बूट. मी मागे फिरायला हवं होतं. पण तिची वेणी खांद्यावरून पुढे बेसिनमध्ये पडत होती. मी जाऊन ती मागे धरली. दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला.

तिने तोंड धुतलं आणि आरशातून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही संघटनेच्या का?"

"नाही गं. मी कुडाळची. तुला बघायला आलेय."

ती खाली फरशीवरच बसली. सवयीने माझा हात पर्समध्ये गेला. उलटी थांबवायची गोळी माझ्याजवळ नेहमी असते. मग लक्षात आलं, खेळाडूंची औषधांसाठी तपासणी होते, हिला बाहेरचं काही देऊन चालणार नाही. मी हात तसाच बाहेर काढला आणि तिच्याशेजारी बसले.

"बूट फार रुततात का?" मी विचारलं.

ती बुटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही, काकू. बूट चांगले आहेत. हे नवे नाहीतच. मॅडमनी जुन्यांनाच रंग दिलाय."

मी वाकून बुटांकडे बघितलं.

"पहिले नवे होते, ते खरंच रुतत होते," ती म्हणाली. "त्या वेळी उतरले नाही, तेव्हा कुणी काही बोललं नाही. मग मॅडम म्हणाल्या, असंच करू. पातं नुसतं काढून पुन्हा बसवलं. मग जुनेच बूट परत काढले. आता रंग दिला, आणि नवे वाटावेत म्हणून वरचे हूक मोकळे ठेवले. बूट नवे म्हटले की लोक थांबतात हो. भीती वाटते म्हटलं की नाव काढून टाकतात."

ती हे सगळं अगदी हळू बोलली. वय वर्षं अठरा. पडल्याचं तिला काहीही आठवत नव्हतं, असं तिने सांगितलं. डोळे उघडले तेव्हा वरचे दिवे दिसले, तेवढंच. पण समोर तोंड करून त्या जागी आली की पाय तिचे राहत नसत. रोज यायची, रोज तसंच व्हायचं. घरी माहीत नव्हतं. मैत्रिणींना माहीत नव्हतं. एका मॅडमना माहीत होतं.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली.

"नाही सांगणार."

दार उघडलं आणि परेरा मॅडम आत आल्या. वसईच्या ऑलिंडा परेरा. पन्नाशीच्या, ठेंगण्या, गळ्यात लोकरीचा मफलर. मला बघून त्या क्षणभर थांबल्या, मग मी तिथे नसल्यासारख्या सरळ ईशानीपुढे गुडघे टेकून बसल्या. त्यांनी तिच्या तळव्यांना हात लावून बघितला, कपाळाला लावला. आता या तिला धीर देतील, तू शूर आहेस वगैरे म्हणतील, असं मला वाटलं. त्यांनी कोटाच्या खिशातून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला.

"डावा पाय दे, बाय," त्या म्हणाल्या. "एक स्क्रू ढिला करते. पातं हलतंय म्हणून सांगते आणि नाव मागे घेते. घरी जाऊ. पेज करून घालीन तुला."

ईशानीने पाय पुढे केला. मॅडमनी तो मांडीवर घेतला, बूट उलटा केला, स्क्रू चाचपला. बोळातून कुणाचं तरी नाव पुकारल्याचा आवाज आला. तिच्या आधी उतरायची होती, ती मुलगी असणार. ती जाऊ नये, असंच मला मनापासून वाटत होतं. नारळाचा तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नव्हता.

"मॅडम, थांबा," ईशानी म्हणाली.

मॅडम थांबल्या.

"मी जाते. पण ती उडी नाही घेणार."

"नको घेऊस."

"कुठलीच मोठी नाही घेणार."

"कुठलीच नको घेऊस."

"लोक विचारतील."

"मला विचारतील," मॅडम म्हणाल्या. "तुला कशाला विचारतील? कोच मी आहे."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला आणि ढिली पडलेली नाडी पुन्हा आवळायला घेतली. वरच्या दोन हुकांपाशी आल्यावर त्यांनी तिच्याकडे बघितलं. ईशानीने नको म्हणून मान हलवली. ते हूक मोकळेच राहिले. जाताना मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी जागेवर परतले तेव्हा मुजावर सर फोनमध्ये फोटो लावत बसले होते. एवढा वेळ कुठे होतात, असं त्यांनी विचारलं. पोट बिघडलंय, असं मी सांगितलं.

संगीत सुरू झालं. ईशानी मधोमध उभी होती. इतक्या मोठ्या पांढऱ्या जागेत ती फार लहान दिसत होती. आम्हा चाहत्यांना तो कार्यक्रम पाठ होता. कुठल्या सुरावर कुठली उडी, हे मी झोपेतही सांगितलं असतं. त्यामुळे प्रत्येक जागा जवळ यायला लागली की माझे हात आपोआप तोंडाकडे जायचे. ती उडी घेणार नाही, हे मला माहीत होतं, तरीही. आयत्या वेळी जिद्दीला पेटली तर? एवढ्या लोकांपुढे तिला लाज वाटली तर?

पहिली जागा आली. ती समोर तोंड करून वेगाने आली आणि सरळ पुढे गेली. संगीतातली ती थाप मोकळीच पडली. मागे कुणीतरी हिंदीत काहीतरी पुटपुटलं. दुसरी जागा आली, तीही गेली. परीक्षकांपैकी एकाने मान वर करून शेजारच्याकडे बघितलं. सर नुसते "अरे अरे" करत होते. खाली कठड्यापाशी परेरा मॅडम उभ्या होत्या. ईशानी त्यांच्यासमोरून जाई तेव्हा त्या दोन्ही हात छातीशी धरून हलकेच मान हलवायच्या. बरोबर आहे, चालू दे, असं.

शेवटाकडे आल्यावर मला जरा श्वास घेता आला. आता फक्त जागेवरच्या गिरक्या उरल्या होत्या. आणि तेवढ्यात ती वळली, पुन्हा त्याच जागेकडे निघाली.

ते ठरलेलं नव्हतं. कार्यक्रमात तिथे काहीच नव्हतं. मॅडमचे हात छातीवरून खाली आले आणि त्यांनी कठडा घट्ट धरला. मी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. ईशानी समोर तोंड करून आली, डावा पाय टेकला, आणि उडाली.

एकच गिरकी आणि वर अर्धी. जेमतेम वीतभर उंच. नव्याने शिकणारी पोरं मारतात तसली अ‍ॅक्सल. उजव्या पायावर उतरली, हेलकावली, हात पसरून तोल सावरला आणि मागे मागे घसरत गेली.

टाळी कुणी वाजवली नाही. वाजवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. फक्त खाली कठड्यापाशी परेरा मॅडम मटकन खाली बसल्या आणि त्यांनी मफलरमध्ये तोंड लपवलं.

ती शेवटून दुसरी आली.

मुजावर सर ताडकन उठले. मी त्यांच्या मागे गेले. त्यांना अडवायचं होतं. खरं सांगून टाकलं असतं, तर तक्रार थांबली असती, पण मी त्या मुलीला शब्द दिला होता. संघटनेच्या टेबलापर्यंत पोचायच्या आत परेरा मॅडमच समोरून आल्या. डोळे लाल होते, चेहरा मात्र शांत. सरांनी त्यांना थांबवलं. त्यांनी आवाज चढवला नाही, मास्तरांच्या पद्धतीने मुद्देसूद विचारलं: तीन वेळा बूट का बदलले, हूक मोकळे का होते, कडक चामड्यावर पोरीला उतरवण्याचं कारण काय. फोटो पुढे केले.

मॅडमनी ते सगळे फोटो नीट बघितले. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे. बूट बदलायला नको होते. पोरगी तयार होती, मीच घोळ घातला."

सरांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी फोन खाली घेतला.

"तुम्ही ग्रुपवर लिहिता ना? मी वाचते तुमचं," मॅडम म्हणाल्या. "हे लिहा. कोचने स्वतः चूक कबूल केली, असं लिहा. तक्रारही करा हवी तर."

सर चहा आणायला म्हणून बाजूला गेले. मला वाटतं, त्यांना जरा सावरायचं होतं. आम्ही दोघीच उरलो. मी म्हटलं, "मॅडम, लोक तुम्हाला फार वाईट बोलतील."

"बोलू देत," त्या म्हणाल्या. "मला बोलत असतात, तोवर तिला बोलत नाहीत."

सरांनी तक्रार केली नाही. पण ग्रुपवर लिहिलं, अगदी मॅडमनी सांगितलं तसं. पुढचे कित्येक दिवस लोकांनी त्या बाईंना जे जे म्हटलं, ते मला इथे लिहवत नाही. ते फिरत फिरत संघटनेपर्यंत गेलं आणि त्या वर्षीच्या सराव शिबिरातून मॅडमचं नाव वगळलं. शिबिराला मॅडम नाहीत म्हणून ईशानीही गेली नाही. आमच्या ग्रुपवर लोक तिला वेडी म्हणाले. त्या दोघी वसईला परतल्या. वर्षभर त्यांचा एकही व्हिडिओ आला नाही, आणि हळूहळू लोकांनी विषय सोडला.

मी काही बोलले नाही. कधी कधी दुकानात बसल्या बसल्या अचानक भीती वाटायची, ती आत्ता या घटकेला कुठल्यातरी बर्फावर समोर तोंड करून निघाली असेल, अशी.

दोन हिवाळ्यांनी ती परत आली. डबल अ‍ॅक्सल, म्हणजे ती जुनी उडी, घेतली, उतरताना हात बर्फाला टेकला, आणि चौथी आली. त्यानंतर काही वर्षं खेळली. पहिली कधीच आली नाही. आता ती स्वतः शिकवते. गेल्या वर्षी एका मुलाखतीत तिने आपण होऊन सगळं सांगितलं. पडणं, भीती, रंगवलेले बूट, मॅडमनी स्वतःवर घेतलेला दोष. स्वच्छतागृहात वेणी धरणाऱ्या कुडाळच्या कुणा काकूंबद्दलही बोलली. तिने सांगितलं, म्हणूनच मी हे लिहू शकतेय.

मुलाखत आली त्या दुपारी मुजावर सरांचा फोन आला. ते आता निवृत्त झालेत, गुडघ्यांनी बेजार असतात.

"तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

"हो, सर."

त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"त्या बाईंचं शिबिर माझ्या लिहिण्यामुळे गेलं."

"त्यांनीच तुम्हाला लिहायला सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुम्ही बुटांवर लिहीत होतात, म्हणून सगळे बुटांवर बोलत राहिले. तेच हवं होतं त्यांना."

"तुम्ही समजूत घालताय माझी."

"नाही, सर. खरं तेच सांगतेय."

मग ते म्हणाले, "ताई, एक सांगू? मला बुटांतलं काही फार कळत होतं अशातला भाग नाही. त्या आदल्या वर्षी ती पडली ना, त्यानंतर ती बर्फावर आली की माझे हातपाय गार पडायचे. वर तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत व्हायची नाही. म्हणून मी दुर्बीण खाली, तिच्या बुटांवर धरायचो."